क्रीट बेटावर स्थानिक जेवण : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ग्रीसच्या क्रीट बेटावरून परतलेल्या मराठी प्रवाशांकडून दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. शाकाहारी मंडळी सांगतात, की काकडी-टोमॅटोचे सॅलड आणि तळलेले बटाटे यांपलीकडे काही मिळाले नाही. मांसाहारी मंडळी सांगतात, की जे मिळाले ते सगळीकडे एकाच चवीचे, महाग आणि वर कोमट होते. या बेटावर भाज्या, कडधान्ये, रानभाज्या, चीज, मासे आणि मटण यांचे इतके प्रकार रोज शिजतात, की या दोन्ही तक्रारी खरे तर उद्भवू नयेत. त्या उद्भवतात, कारण जेवणाची वेळ, खानावळीचा प्रकार, विचारलेला प्रश्न आणि मागवण्याचा क्रम या चार गोष्टी बहुतेकांच्या चुकतात. या चार गोष्टी कशा सांभाळाव्यात, एवढेच पुढे सविस्तर दिले आहे.

टप्पा १ : विमानाची तिकिटे काढण्याआधी हंगाम पाहावा

क्रीटमधील घरगुती स्वयंपाक हंगामावर चालतो आणि मेनूकार्डावर छापलेला प्रत्येक पदार्थ बारमाही मिळतोच असे नाही. हिवाळ्यापासून वसंतापर्यंत रानभाज्या भरपूर असतात. वसंतात कोवळे आर्टिचोक येतात. उन्हाळ्यात टोमॅटो, वांगी आणि भात भरलेली झुकिनीची फुले असतात. शरद ऋतूत पहिल्या पावसानंतर गोगलगायी, पश्चिमेकडील डोंगराळ गावांत चेस्टनट आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये द्राक्षांच्या चोथ्यापासून राकी हे मद्य गाळण्याचा हंगाम असतो. ऐन उन्हाळ्यात जाऊन रानभाज्यांचा हट्ट धरणे, किंवा मार्चमध्ये जाऊन रसाळ टोमॅटोची अपेक्षा ठेवणे, यांत दोष खानावळीचा नसतो.

समुद्रकिनाऱ्यावरच्या पर्यटनकेंद्रांतील बऱ्याच खानावळी नोव्हेंबर ते मार्च बंद असतात. त्या काळात जायचे असल्यास मुक्काम इराक्लिओ, रेथिम्नो किंवा हान्या (नकाशावर हे नाव बहुधा ‘चानिया’ असे वाचले जाते) अशा बारा महिने जागत्या शहरात ठेवावा.

शाकाहारी प्रवाशांनी याखेरीज ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंचांगातील उपवासांचे दिवस पाहावेत, आणि हा सल्ला मी आग्रहाने देतो. ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास, १ ते १४ ऑगस्ट आणि १५ नोव्हेंबर ते २४ डिसेंबर या काळांत श्रद्धाळू लोक मांस, दूध आणि अंडी वर्ज्य करतात, त्यामुळे खानावळींतही तेलात शिजवलेल्या भाज्या आणि कडधान्यांचे पदार्थ वाढतात. ऑर्थोडॉक्स ईस्टर २०२६ मध्ये १२ एप्रिलला आणि २०२७ मध्ये २ मे रोजी येतो. त्याआधीचा उपवास अनुक्रमे २३ फेब्रुवारी आणि १५ मार्चच्या सोमवारी सुरू होतो. प्रत्यक्ष ईस्टरच्या रविवारी मात्र चित्र अगदी उलट असते आणि बेटभर कोकराचे मांस भाजले जाते.

*तपासा :* १५ ऑगस्ट हा ग्रीसमधील मोठा सण आणि सुटीचा दिवस आहे. त्याच्या आसपास जात असल्यास संध्याकाळच्या जेवणाची जागा आधी राखून ठेवावी.

टप्पा २ : काय चालत नाही, ते ग्रीक भाषेत लिहून घ्यावे

‘आम्ही शाकाहारी आहोत’ हे वाक्य पर्यटकांच्या भागात समजते, पण त्याचा अर्थ ‘ताटात मांसाचे तुकडे नकोत’ एवढाच घेतला जाण्याची शक्यता असते. मांसाच्या रश्श्यात शिजलेला भात त्या व्याख्येत सहज बसून जातो. म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी स्वागतकक्षातील व्यक्तीकडून एका कागदावर ग्रीकमध्ये स्पष्ट यादी लिहून घ्यावी : मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, शिंपले-कोळंबी-ऑक्टोपस नको, मांसाचा रस्सा नको; आणि लागू असेल तर अंडे नको. हा कागद मोबाइलमध्ये छायाचित्र म्हणूनही ठेवावा, आणि मागवण्याआधी दाखवावा. पदार्थ टेबलावर आल्यावर दाखवून उपयोग होत नाही.

काही शब्द तोंडी पाठ असावेत. ‘खोरीस क्रेआस’ म्हणजे मांसाशिवाय. ‘झोमोस’ म्हणजे रस्सा किंवा उकळून काढलेला अर्क. ‘लादेरा’ म्हणजे ऑलिव्ह तेलात टोमॅटो-कांद्यासह मंद शिजवलेल्या भाज्या. हा शब्द मेनूत दिसला, की शाकाहारी माणसाने तो भाग आधी वाचावा. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपवासाला चालणारे, अर्थात मांस, दूध आणि अंडी नसलेले. ‘इथे आज निस्तीसिमो काय आहे?’ हा प्रश्न ‘शाकाहारी काय आहे?’ या प्रश्नापेक्षा पुष्कळ चांगले उत्तर मिळवून देतो, कारण स्वयंपाकघरातील माणसाला त्याची व्याख्या लहानपणापासून ठाऊक असते.

*सावधान :* ऑर्थोडॉक्स उपवासाला ऑक्टोपस, स्क्विड, कोळंबी, शिंपले आणि क्रीटमध्ये गोगलगायीही चालतात. त्यामुळे ‘निस्तीसिमो’ ऐकल्यावर निश्चिंत न होता यांपैकी काही आहे का, हे वेगळे विचारावे.

*सावधान :* ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’ आणि ‘ओखी’ म्हणजे ‘नाही’. ‘यात मांस आहे का?’ या प्रश्नाला ‘ने’ असे उत्तर आले, तर मराठी कानाला ते ‘नाही’सारखे वाटते आणि घोटाळा होतो.

आता शाकाहारी लोक जिथे हमखास फसतात, ते पदार्थ पाहू. पहिला आणि सर्वांत फसवा पदार्थ ‘गामोपिलाफो’, म्हणजे लग्नातला भात. तो पांढराशुभ्र, मऊ आणि लिंबाच्या वासाचा असतो, त्यावर मांसाचा तुकडा दिसेलच असे नाही, आणि म्हणून तो दहीभाताच्या आशेने मागवला जातो. प्रत्यक्षात तो बकऱ्याच्या किंवा कोंबड्याच्या रश्श्यातच शिजवलेला असतो. रश्श्यावाचून गामोपिलाफो नसतो, त्यामुळे ‘मांसाशिवाय द्या’ ही विनंती येथे निरर्थक ठरते. दुसरा पदार्थ ‘येमिस्ता’, म्हणजे भरलेले टोमॅटो आणि सिमला मिरची. यात कधी नुसता तांदूळ आणि हिरवी पाने असतात, कधी खिमाही असतो, आणि वरून ओळखता येत नाही. द्राक्षाच्या पानांचे ‘दोल्मादाकिया’ क्रीटमध्ये बहुधा भाताचेच असतात, तरीही विचारावे. अंडे आणि लिंबाच्या सारात, म्हणजे ‘आव्गोलेमोनो’मध्ये, अंडे तर असतेच, शिवाय त्याचा पाया अनेकदा मांसाच्या रश्श्याचा असतो.

चीजबाबत काटेकोर असणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की ‘ग्राविएरा’सारखी कडक चीज रेनेट घालून विरजली जातात आणि रेनेट परंपरेने कोकरू किंवा करडाच्या जठरातून मिळते. ‘मिझिथ्रा’ हे मऊ चीज निवळीपासून होते, पण ती निवळी बहुधा दुसऱ्या चीजमधूनच उरलेली असते. ज्यांना हे चालत नाही, त्यांनी चीज पूर्ण वगळून ‘लादेरा’ आणि रानभाज्यांकडे वळावे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी उकडलेल्या रानभाज्या, मिझिथ्रा भरलेल्या लहान पोळ्या आणि भाजलेल्या भाज्या हे सोपे पर्याय आहेत. लादेरात कांदा जवळजवळ नेहमी असतो.

मांसाहारी असूनही गोमांस किंवा डुकराचे मांस टाळणाऱ्यांनी ही नावे पाठ करावीत : ‘मोस्खारी’ गायीचे किंवा वासराचे, ‘खिरिनो’ डुकराचे, ‘आर्नी’ कोकराचे, ‘कात्सीकी’ बकऱ्याचे, ‘कोतोपुलो’ कोंबडीचे आणि ‘कुनेली’ सशाचे. ‘किमास’ म्हणजे खिमा, आणि मुसाका (वांगी-खिम्याचे भाजलेले थर) किंवा पास्तित्सिओ (पास्ता-खिम्याचे थर) यांतला खिमा साधारणपणे गोमांसाचा असतो. ‘आपाकी’ हे धुरावलेले मांस परंपरेने डुकराचे असते आणि ते कधीकधी सॅलडवर बारीक कापून घातलेले असते.

*सावधान :* वसंतात राकीसोबत कच्चे ‘कुकिया’, म्हणजे मोठ्या घेवड्यासारखे बी, खायला ठेवले जाते. ज्यांना जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता आहे, त्यांना हे बी घातक ठरू शकते. त्यांनी ते चाखूनही पाहू नये.

टप्पा ३ : खानावळीचा प्रकार ओळखावा

प्रत्येक पाटीचा अर्थ वेगळा असतो. ‘मायिरिओ’मध्ये सकाळीच शिजवलेले घरगुती पदार्थ मिळतात आणि दुपारी चांगले जेवण तिथेच होते. ‘तावेर्ना’ ही सर्वसाधारण खानावळ असते. ‘प्सारोतावेर्ना’ माशांसाठी असते. ‘काफेनिओ’ हे गावातले कॉफीघर. तिथे राकीबरोबर छोट्या बशांतून चार-पाच पदार्थ मिळू शकतात. ‘फूर्नोस’ म्हणजे बेकरी, आणि न्याहारीसाठी हॉटेलातल्या बुफेपेक्षा तीच उत्तम. मासे खायचे असताना डोंगरातल्या गावात बसणे आणि भाजलेले मटण हवे असताना बंदरावर बसणे, ही चूक इतकी सर्रास होते, की ती वेगळी नोंदवावीशी वाटते.

हान्याचे जुने व्हेनिसकालीन बंदर फिरायला अप्रतिम आहे, पण जेवायला तिथून दोन-चार गल्ल्या आत, उदाहरणार्थ स्प्लांत्सिया भागाकडे, जावे. इराक्लिओत १८६६ या नावाचा बाजाररस्ता आणि त्याच्या आडव्या गल्ल्या पाहाव्यात. आंदिक्रिस्तो, म्हणजे विस्तवासमोर उभे करून भाजलेले कोकरू, हवे असल्यास प्सिलोरितिस पर्वताच्या उतारावरचे आनोगिया गाव गाठावे. हान्याहून जवळ म्हणून थेरिसोही मटणासाठी सोयीचे आहे.

दारात उभे राहून हाका मारणारा माणूस, पदार्थांच्या मोठ्या रंगीत छायाचित्रांचे फलक आणि पिझ्झा, पास्ता, सुशी व मुसाका एकाच यादीत असणे, ही पुढे जाण्याची खूण समजावी. हाताने लिहिलेली त्या दिवसाची छोटी यादी, काचेमागे दिसणाऱ्या मोठ्या परातींमधले शिजवलेले पदार्थ आणि दुपारी अडीचला स्थानिक कुटुंबांनी भरलेली टेबले, ही थांबण्याची खूण.

*तपासा :* बेट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे. हान्या ते इराक्लिओ हे अंतरच रस्त्याने सुमारे १४० किलोमीटर भरते. एका दिवसात दोन टोकांची दोन जेवणे आखू नयेत.

टप्पा ४ : घड्याळ तिथल्या जेवणाला जुळवावे

न्याहारी सकाळी लवकर आणि हलकी असावी. हान्यात असाल तर एकदा तरी ‘बुगात्सा’ खावा : पातळ पापुद्र्यांत मऊ, किंचित आंबट-खारट मिझिथ्रा भरून भाजलेला हा पदार्थ रुंद सुरीने कचाकचा तुकडे करून देतात आणि वर साखर भुरभुरतात. ग्रीसच्या उत्तरेकडील बुगात्सा गोड सांज्याच्या क्रीमचा असतो. तो डोक्यात ठेवून गेल्यास हा बिघडलेला वाटतो. तो बिघडलेला नसतो. सकाळी गरम असतानाच खावा.

मुख्य जेवण दुपारचे ठेवावे, आणि सगळ्या मार्गदर्शनातली ही सर्वांत उपयोगी सूचना आहे. ‘मायिरेफ्ता’, म्हणजे भांड्यात किंवा भट्टीत मंद शिजवलेले पदार्थ, सकाळी करून ठेवलेले असतात आणि दुपारी एकच्या सुमारास तयार असतात. स्थानिक लोक दोन ते चारच्या दरम्यान जेवतात. संध्याकाळी सात वाजता पोहोचणारा प्रवासी दुपारच्या पदार्थांना मुकलेला असतो, रात्रीची चूल अजून नीट पेटलेली नसते, आणि आजूबाजूला केवळ इतर पर्यटक बसलेले असतात. रात्री जेवायचे तर नऊनंतर जावे. लहान मुले किंवा वयस्क सोबत असतील आणि उशीर परवडत नसेल, तर दुपारी पोटभर जेवून संध्याकाळी बेकरीतील एखाद्या पदार्थावर भागवावे. उलट क्रमाने चालत नाही.

‘थंड अन्न दिले’ ही तक्रार येथेच उगम पावते. लादेरा प्रकारच्या भाज्या कोमटच वाढायच्या असतात, कारण त्या मुरून तेल आणि रस एकत्र आल्यावरच त्यांची चव जमते. त्या गरम करून मागितल्या, तर मायक्रोवेव्हमधून येतात आणि तेल वेगळे पडते.

टप्पा ५ : टेबलावर बसल्यावर मागवण्याचा क्रम

(१) बसल्याबरोबर ब्रेड आणि कधी ऑलिव्ह येतात. त्याची माणशी लहानशी रक्कम बिलात लागते. ब्रेड नको असल्यास तेव्हाच नम्रपणे परत पाठवावा. माझ्या मते तो ठेवावा, कारण ताटात उरलेले तेल आणि टोमॅटोचा रस टिपून घेण्यासाठी तो लागतोच.

(२) मेनूकार्ड उघडण्याआधी ‘आज काय शिजवले आहे?’ हे विचारावे. शक्य असेल तिथे स्वयंपाकघरापाशी जाऊन परातींत पाहण्याची परवानगी मागावी. लहान खानावळींत ती बहुधा आनंदाने मिळते. छापील यादीतल्या साठ पदार्थांपैकी त्या दिवशी ताजे असलेले सात-आठ कोणते, हे तिथे लगेच कळते.

(३) माणशी एक ताट अशी पद्धत तिथे नाही. पदार्थ मधोमध ठेवून सगळे त्यातून घेतात. दोघांसाठी सुरुवातीला तीन पदार्थ पुरतात : एक दाकोस (टोमॅटो आणि चीज घातलेला कडक पाव) किंवा सॅलड, एक उकडलेल्या रानभाज्यांची बशी आणि एक कडधान्याचा किंवा चीजच्या पोळीचा पदार्थ. मटण किंवा मासा हवा असेल तर तो चौथा, आणि तो हे तीन अर्धे संपल्यावर मागवावा. वाढपी सगळे एकदम लिहून घ्यायला उभा असला, तरी ‘बाकीचे नंतर सांगतो’ असे म्हणण्यात काही वावगे नाही.

(४) पदार्थ तयार होतील त्या क्रमाने येतात. आधी सूप, मग मुख्य पदार्थ असा क्रम हवाच असेल, तर तसे स्पष्ट सांगावे लागते.

*सावधान :* चौघांनी चार मुख्य पदार्थ आणि चार सॅलड मागवले, तर निम्मे अन्न उरते. वाढणी मोठी असते. काही ठिकाणी ‘मिसी मेरीदा’, म्हणजे अर्धी वाढणी, मिळते. विचारायला हरकत नाही.

टप्पा ६ : कोणते पदार्थ, आणि ते कसे खावेत

‘दाकोस’पासून सुरुवात करावी. सातूचा दोनदा भाजलेला, तपकिरी आणि दगडासारखा कडक पाव, म्हणजे ‘पाक्सिमादी’, क्षणभर पाण्याखाली धरतात किंवा पाण्याचा शिपका देतात. त्यावर किसलेला टोमॅटो त्याच्या रसासह पसरतात, मग चुरलेले आंबटसर मिझिथ्रा, ओरेगानो, ऑलिव्ह आणि भरपूर तेल. पाव टोमॅटोचा रस वरून खाली शोषत जातो. म्हणून ताट आल्या आल्या त्यावर तुटून पडू नये, आणि अर्धा तास बोलत बसून त्याचा लगदाही होऊ देऊ नये. चार-पाच मिनिटांनी सुरीची कड मधोमध दाबून पाहावी : वरचा थर सहज दबतो आणि तळाशी कुरकुरीत प्रतिकार लागतो, ती वेळ बरोबर. कडा कडकच राहतात. त्या तळाच्या तेलात बुडवून खाव्यात. दातांचे काम चालू असेल, तर कडा सोडून द्याव्यात. मिझिथ्राऐवजी फेटा घातलेला आणि गव्हाच्या पांढऱ्या पावावर केलेला दाकोसही सर्रास मिळतो, आणि ज्यांनी फक्त तोच खाल्लेला असतो, त्यांना या पदार्थात विशेष काय ते कळत नाही.

‘खोर्ता’ म्हणजे उकडलेल्या रानभाज्या. त्यांतली ‘स्ताम्नागाथी’ ही काटेरी झुडपाची कोवळी, कडसर पालेभाजी क्रीटची खास. लिंबू आणि तेल टेबलावरच घालून घ्यायचे असते; ते न घालता चव पाहून बशी बाजूला सारणे योग्य नाही. स्ताम्नागाथी कधीकधी मटणाबरोबर शिजवलेली असते, तेव्हा शाकाहारींनी उकडलेलीच मागावी. ‘फावा’ ही पिवळ्या डाळीची, घोटलेल्या घट्ट वरणासारखी असते आणि वर कच्चा कांदा व तेल असते. भातावाचून चुकल्यासारखे वाटणाऱ्या मराठी जिभेला ती पहिल्याच घासाला जवळची वाटते.

भाज्यांमध्ये हान्याकडचा ‘बुरेकी’ चुकवू नये : झुकिनी आणि बटाट्याच्या पातळ चकत्या, मिझिथ्रा आणि पुदिना यांचे थर रचून तो भट्टीत भाजतात. पोळीच्या प्रकारांत ‘कालित्सूनिया’ या लहान पुरचुंड्या चीजच्या किंवा पालेभाजीच्या असतात, तेव्हा आत काय आहे ते विचारून घ्यावे. दक्षिणेकडील स्फाकिया भागाची ‘स्फाकियानी पिता’ मात्र समोर करून मिळत असेल, तर थांबून पाहावी. मळलेल्या कणकेच्या गोळ्यात मिझिथ्राचा तेवढाच गोळा बंद करतात, तो हलक्या हाताने पातळ लाटतात आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजतात, मग वरून मध सोडतात. ती तव्यावरून उतरताच खावी. दहा मिनिटांनी चीज घट्ट होऊन पोळी चिवट होते. म्हणूनच ती इतर पदार्थांबरोबर न मागवता सर्वांत शेवटी, वेगळी मागवावी.

‘स्ताका’ ही शेळी-मेंढीच्या दुधाची साय पिठाबरोबर मंद आटवून करतात. ती अत्यंत जड असते. चौघांत एक वाटी पुरे.

मांसाहारींसाठी दोन पदार्थ हंगाम आणि वेळ पाहूनच मागवण्यासारखे आहेत. ‘खोख्लिई बुबुरिस्ती’ म्हणजे मिठाच्या थरावर तोंड खाली करून तव्यात तळलेल्या गोगलगायी. शेवटी त्यांवर व्हिनेगर ओततात आणि रोझमेरी घालतात. टोचणीने किंवा काट्याने मांस हळूहळू फिरवत ओढावे, म्हणजे ते अखंड निघते, आणि तव्यातला आंबट-खारट रस पावाने टिपावा. दुसरा, आंदिक्रिस्तो. त्याचे मोठे तुकडे फक्त मीठ लावून, विस्तवाभोवती उभे करून, कित्येक तास भाजतात. म्हणजे आपण मागवल्यावर ते करायला घेत नाहीत. तयार असेल तेच मिळते आणि संपले की संपले. सकाळी फोन करून ‘आज आहे का आणि किती वाजता तयार होईल?’ एवढे विचारून निघावे. त्यावर लिंबू सोडून काही मागू नये. चटणी किंवा सॉस घातल्यास मिठाची आणि धुराची चव हरवते. स्फाकियाकडील ‘त्सिगारियास्तो’, म्हणजे स्वतःच्या रसात आणि तेलात मंद शिजवलेले बकऱ्याचे मांस, दुपारी कधीही विनासायास मिळते.

*तपासा :* ताटात तेल पुष्कळ दिसते. ते पदार्थाचाच भाग आहे; ‘तेल कमी’ अशी सूचना लादेरात पाळता येत नाही, कारण पदार्थ आधीच शिजलेला असतो.

टप्पा ७ : मासा मागवताना

पैशांचे सर्वाधिक गैरसमज येथे होतात. मोठ्या माशाची किंमत मेनूत किलोवर दिलेली असते, ताटावर नाही. क्रम असा ठेवावा : बर्फावर मांडलेल्या माशांपाशी स्वतः जावे, डोळे भरीव व चकचकीत आणि कल्ले लाल आहेत ना, हे पाहावे, जे कोकण-गोव्याच्या वाचकांना सांगायला नकोच, मासा निवडावा, तो आपल्यासमोर, शिजवण्याआधी, वजनकाट्यावर ठेवायला सांगावा, एकूण रक्कम विचारावी, आणि मगच होकार द्यावा. वजन साफ करण्यापूर्वीच्या अख्ख्या माशाचे असते, हेही गृहीत धरावे.

मेनूवर नावापुढे तारकाचिन्ह असल्यास तो पदार्थ गोठवलेल्या मालाचा असतो. कोळंबी, स्क्विड आणि ऑक्टोपस यांच्यापुढे हे चिन्ह वारंवार दिसते. ‘त्सिपुरा’ आणि ‘लाव्राकी’ हे मासे बहुतांशी मत्स्यशेतीतले असतात. ते वाईट नव्हेत, पण समुद्रातल्या माशाचा दर त्यांना देऊ नये. क्रीटमध्ये ‘स्कारोस’ मिळाला तर तो प्राधान्याने घ्यावा. खर्च आवरायचा असेल, तर ‘मारिदा’ किंवा ‘गाव्रोस’ हे छोटे तळलेले मासे बशीच्या ठरलेल्या दरात मिळतात आणि चवीला कुठेही कमी नसतात.

*सावधान :* मसाला नसल्यामुळे मासा फिका वाटतो, म्हणून तिखट सॉस मागवण्याचा मोह होतो. आधी मीठ, मग लिंबू, मग तेल, असे घालून दोन घास खाऊन पाहावेत.

टप्पा ८ : शेवटची बशी, राकी आणि बिल

बिल मागितल्यावर अनेक ठिकाणी फळे किंवा लहानसा गोड पदार्थ आणि ‘त्सिकुदिया’ ऊर्फ राकीची छोटी बाटली येते. आपण मागवलेले नसले, तरी हे यजमानाकडून असते आणि त्याचे पैसे लागत नाहीत. ते परत पाठवणे त्याला लागते. राकी घोटाघोटाने प्यायची असते. न पिणाऱ्यांनी हात छातीशी नेऊन ‘एफखारिस्तो’, म्हणजे आभारी आहे, म्हणावे आणि फळे आवर्जून खावीत. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

*सावधान :* ग्रीसमध्ये चालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि दुचाकीस्वार व नवे परवानाधारक यांच्यासाठी ती ०.२ ग्रॅम आहे. डोंगरातल्या गावातून वळणांच्या रस्त्याने परतायचे असल्यास चालकाने राकी आणि सुटी वाइन दोन्ही टाळावीत.

बिल आपणहून आणून ठेवत नाहीत, कारण तसे करणे म्हणजे पाहुण्याला उठवणे मानले जाते. तासभर ताटकळत बसण्याऐवजी ‘तो लोगारियास्मो, पाराकालो’ असे म्हणावे. छापील पावती घ्यावी आणि तीन गोष्टी पडताळाव्यात : ब्रेडची रक्कम माणसांच्या संख्येप्रमाणेच लावली आहे का, माशाचे वजन आधी सांगितलेलेच आहे का, आणि न आलेला पदार्थ लावलेला नाही ना. कायदेशीर पावती दिली नसल्यास पैसे देण्याचे बंधन ग्राहकावर नाही, अशी सूचना ग्रीसमधील मेनूंवर छापलेली असते. बक्षिसी सक्तीची नाही. रक्कम वरच्या आकड्याला पूर्ण करणे किंवा पाच ते दहा टक्के रोख ठेवणे पुरेसे आहे.

आवडलेले ऑलिव्ह तेल सोबत आणायचे असेल, तर काचेपेक्षा पत्र्याच्या सीलबंद डब्यातले घ्यावे आणि ते मोठ्या सामानात ठेवावे. मध आणि मऊ चीज यांनाही विमानतळावर द्रवपदार्थांचाच नियम लागतो, त्यामुळे १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बरणी हातातल्या पिशवीत राहिली, तर ती सुरक्षा तपासणीतच काढून घेतली जाऊ शकते.